कुरणांची कापणी, वऱ्हाडातील

नैसर्गिक कुरणातील गवत ठरावीक हंगामात, जमिनीपासून काही उंची राखून कापणे व वाळल्यावर ते रानाबाहेर नेणे यास कुरणाची कापणी म्हणतात. वैरण मिळविणे हा तिचा मूळ व रूढ हेतू होय. तथापि कुरणात कोणत्या वनस्पती टिकतात आणि कोणत्या नाहीशा होतात, हे कापणीचा काल, उंची व वारंवारता यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यामुळे वनस्पतींचे वैविध्य राखण्याचे एक साधन म्हणूनही कापणीचा विचार केला जातो. प्रस्तुत नोंदीत या विषयाचे विवेचन मुख्यत्वे अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील कोरड्या कुरणांच्या संदर्भात केले आहे.

उत्तरेस मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पयनघाट व दक्षिणेस बालाघाट असे वऱ्हाडाचे तीन स्वाभाविक भाग पडतात. पयनघाटातील खोल काळी जमीन फार पूर्वीपासून लागवडीखाली आहे. कुरणे उरली ती डोंगर-उतारांवर, मुरमाड बरड जमिनींवर, नाल्यांच्या काठांनी व काही प्रमाणात शेतांच्या धुऱ्यांवर. या भागात वर्षाकाठी सु. ७५ ते ९० सेंमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पुढील सात-आठ महिने जमीन कोरडी असते. गवताची वाढ, फुलोरा व बीजधारणा हे सर्व या अल्प अवधीत उरकते आणि नोव्हेंबरपर्यंत रान पिवळे पडते. थंड प्रदेशांतील कुरणे व ही कुरणे यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

भारतातील गवताळ प्रदेशांचे सर्वेक्षण करून दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देशातील गवती आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार मानले आहेत. वऱ्हाडातील कुरणे त्यांपैकी ‘सेहिमा-डायकँथियम’ या, द्वीपकल्पात सर्वत्र पसरलेल्या, प्रकारात मोडतात. या प्रकारात बहुवर्षायू गवतांच्या २४, वर्षायू गवतांच्या ८९ आणि द्विदलिकित वनस्पतींच्या १२९ जातींची नोंद असून द्विदलिकितांपैकी ५६ शिंबावंत आहेत. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘गवत’ म्हणतो त्यातील निम्म्याहून अधिक जाती गवताच्या नव्हेतच. कुरणाचे वैविध्य म्हणजे केवळ गवतांचे वैविध्य, ही समजूत त्यामुळे बरोबर ठरत नाही.

गवतांपैकी पवन्या (लॅ. सेहिमा नर्व्होसम) हे उथळ मुरमाड जमिनीवरील सर्वोत्तम वैरणीचे बहुवर्षायू गवत होय. थोड्या खोल व ओल धरणाऱ्या जमिनीत मारवेल (लॅ. डायकँथियम ॲन्युलेटम) वाढते. ते गुरांना विशेष आवडते व सरपटणाऱ्या खोडांनी पसरते. कुसळी (लॅ. हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) सर्वत्र आढळते. घोन्याड (लॅ. थेमेडा क्वाड्रिव्हाल्व्हिस) हे उंच वर्षायू गवत असून पावसाळ्याअखेर त्याला तांबूस छटा येते. कोवळे असताना जनावरे ते खातात, पुढे सोडून देतात. डोंगर-उतारांवर रोशा किंवा तिखाडी (लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनी) हे सुगंधी गवत येते. काळ्या जमिनीतील कुंदा (लॅ. इस्किमम पायलोझम) हा मात्र शेतकऱ्याचा शत्रू मानला जातो, कारण त्याची मूलक्षोडे नांगराच्या तासाखाली खोलवर जातात.

गवताच्या झुबक्यांमधील मोकळ्या जागेत ओषधीय वनस्पतींची वस्ती असते. शेवरा व रानटी नीळ यांच्या वंशांतील शिंबावंत वनस्पती जमिनीत नायट्रोजन साठवितात. विष्णुक्रांता, तुंबा, निलवंती इ. लहान वनस्पती पावसाळ्यात फुलतात. पांढरी मुसळी, काळी मुसळी व हाबेनारिया वंशातील भू-आमरे यांचा जमिनीवरील भाग काही महिन्यांपुरताच असतो. उरलेला काळ त्या कंदरूपाने भूमीत काढतात. कुरण बिघडू लागले की प्रथम नाहीशा होतात त्या या वनस्पती. गवताचे उत्पन्न तेवढेच राहिल्याने ही हानी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. ब्रिटिश अमदानीत तेथील सरकारी जंगलांची तीन वर्गांत विभागणी करण्यात आली : ‘अ’ वर्ग इमारती लाकूड व जळण यांसाठी, ‘ब’ वर्ग मुख्यत्वे गवतासाठी आणि ‘क’ वर्ग चराईसाठी. यांपैकी गवतासाठी राखलेल्या रानांना रमणा अशी संज्ञा होती. रमण्यात पावसाळ्यात गुरे सोडण्यास बंदी असे व गवत तयार झाल्यावर ते कापून नेले जाई. चराईची राने व कापणीची राने प्रशासनानेच वेगवेगळी मानली, ही वऱ्हाडच्या वनव्यवस्थेतील लक्षणीय गोष्ट म्हणावी लागते. गावांच्या चराईसाठी महसूल खात्याकडे राहिलेल्या सरकारी जमिनी ‘ई वर्ग’ या नावाने ओळखल्या जातात. हा शब्द वऱ्हाडातील खेड्यांत आजही ‘ई-क्लास’ असा सर्रास वापरला जातो. इतरत्र ज्याला गायरान म्हणतात त्याच्या हा जवळचा आहे.

रमण्यातील गवताचे मोल दुष्काळात कळे. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य भारत व दख्खनमध्ये चाऱ्याअभावी गुरांची मोठी हानी झाली व वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. चांगल्या वर्षी गवत कापून गंज्या रचून ठेवण्याची पद्धत अशा अनुभवांतून दृढ झालेली होती. रोशा गवताची कापणी हा एक वेगळा प्रकार होता. खानदेश, निमाड व एलिचपूरच्या (आताचे अचलपूर) टापूत फुलोऱ्यावर आलेले रोशा गवत कापून रानातच भट्ट्या लावून त्याचे तेल काढीत. हे तेल सुगंधी द्रव्यांच्या व्यापारात निर्यात होत असे.

कापणीचा वनस्पतींवर होणारा परिणाम : यूरोपातील सुकी कुरणे हे या विषयाचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण होय. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका कुरणावर सुरू केलेला प्रयोग अद्याप चालू आहे. तेथे प्रतिवर्षी गवत कापले जाते. ज्या वाफ्यांना कोणतेही खत दिलेले नाही त्यांत ४० च्या आसपास जाती टिकून आहेत, तर भरपूर नायट्रोजन खत मिळून जमीन अम्लीय झालेल्या वाफ्यांत दोन-तीन जातीच उरल्या. एस्टोनियातील लाएलातू येथील दीर्घकाळ कापणीखाली असलेल्या कुरणात एका चौ. मी. क्षेत्रात ७६ जाती मोजल्या गेल्या आहेत. कारणमीमांसा अशी की, कापलेले गवत बाहेर नेल्याने जमिनीतील पोषकद्रव्ये हळूहळू घटतात व कोणतीही एक जात बेसुमार वाढू शकत नाही. शिवाय ऐन वाढीत उंच गवते छाटली गेल्याने ठेंगण्या वनस्पतींना प्रकाश मिळतो.

हे निष्कर्ष वऱ्हाडातील कुरणांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. यूरोपात कापणी उन्हाळ्याच्या मध्यास, म्हणजे गवत वाढत असताना होते. आपल्याकडे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाढ थांबल्यावर होते. त्या वेळी झुबक्यातील अन्नसाठा मुळांत व बुंध्यात उतरलेला असतो, त्यामुळे कापणीने गवताचे फारसे नुकसान होत नाही आणि त्याच्या वर्चस्वालाही विशेष धक्का बसत नाही. परिणाम होतो तो पुढील जूनमध्ये. न कापलेल्या रानात जुने पाचट झुबक्यांवर व त्यांच्या मधल्या जागेत आडवे पडते. वाळवी व पाऊस ते हळूहळू कुजवितात. परंतु दोन-तीन वर्षे रान तसेच राहिल्यास पाचटाचा थर जमतो. पहिल्या पावसाने उगवणारे अंकुर व मुसळी, आमरे यांसारख्या कंदांचे कोंब या थराखाली प्रकाशावाचून राहतात. खुद्द गवताचे नवे फुटवेही जुन्या काड्यांच्या गर्दीत कमी येतात आणि झुबका मधोमध पोकळ होत जातो. कापणी केलेल्या रानात याउलट झुबक्यांमधील जमीन उघडी असते, ती लवकर तापते व तीत बी रुजते. कोरड्या कुरणातील कापणी ही मुख्यतः पाचट काढण्याची क्रिया आहे, गवताला आवर घालण्याची नव्हे, हे ध्यानात घेतल्यास कापणीविषयीचे अनेक वाद सुटतात.

कापणीचा काल : वैरणीच्या दृष्टीने गवत फुलोऱ्यावर असताना, म्हणजे साधारणतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभी, कापणे सर्वांत हितावह असते. त्या वेळी गवतात प्रथिनांचे प्रमाण शुष्क भाराच्या सु. ५ ते ७ टक्के असते. पूर्ण वाळल्यावर ते २ ते ३ टक्क्यांवर येते व काड्या चिवट होतात. कुसळीच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. तिच्या फळांना लांब, काळसर व पीळ असलेले प्रशूक (कुसळ) असतात. हवेतील ओलाव्यानुसार हा पीळ सुटतो व आवळतो आणि त्या फिरकीने फळाचे टोकदार टोक जमिनीत शिरते. तसेच ते मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत आणि जनावरांच्या तोंडातही शिरते. म्हणून कुसळ धरण्यापूर्वी कुसळी कापावी, हा गुराख्यांचा नियम शास्त्रास धरून आहे.

परंतु प्रतिवर्षी फुलोऱ्यावर कापणी केल्यास बी जमिनीवर पडत नाही. पवन्या व मारवेल बहुवर्षायू असल्याने काही वर्षे तग धरतात. मात्र जुने झुबके मेल्यावर त्यांची जागा घेण्यास रोपे नसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेंगा धरणाऱ्या शिंबावंत वनस्पतींना तर याचा फटका लवकर बसतो. ही गवते पडल्याबरोबर रुजत नाहीत. त्यांचे बी काही महिने सुप्तावस्थेत राहून पुढील पावसाळ्यातच उगवते. तेव्हा बीजपतनानंतर, नोव्हेंबरच्या सुमारास कापलेल्या रानात पुढील वर्षाची बीजपेरणी आपोआप झालेली असते, पण वैरण हलकी मिळते.

दुसरी अडचण पक्ष्यांची आहे. तणमोर (लॅ. सायफिओटायडिस इंडिकस) हा पक्षी पावसाळ्यात, मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात, उंच गवतात जमिनीवर अंडी घालतो. नर प्रियाराधनासाठी गवतातून वारंवार उंच उड्या मारतो, त्यावरूनच त्याचे अस्तित्व कळते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये या पक्ष्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. अकोला व त्यातून १९९८ मध्ये वेगळा झालेला वाशीम या जिल्ह्यांत तो आढळल्याच्या नोंदी आहेत. अशा रानात सप्टेंबरपूर्वी इळा घालणे म्हणजे घरटी उद्ध्वस्त करणे होय. पिले चालती-उडती झाल्यावरच कापणी सुरू करावी लागते.

वैरण, बी व घरटी या तिहींचा एकाच तारखेने मेळ बसत नाही. म्हणून रानाचे पट्टे पाडून काही पट्टे फुलोऱ्यावर, काही बी पडल्यावर कापावे व काही त्या वर्षी मुळीच कापू नयेत. पुढील वर्षी हा क्रम बदलावा, ही पद्धत सर्वांत समाधानकारक ठरते. कापलेल्या पट्ट्याशेजारी उभे गवत असल्याने कीटक, सरडे व पक्षी यांना आसराही मिळतो. ठेकेदारास संपूर्ण रान एकाच लिलावात देण्याची पद्धत मात्र याच्या आड येते. मुदत संपण्यापूर्वी सर्व गवत उचलणे यातच ठेकेदाराचा फायदा असतो, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. दोष असलाच तर करारातील अटींचा आहे.

कापणीची उंची व साधने : जमिनीपासून सु. १० ते १५ सेंमी. उंची राखून कापणी करणे योग्य समजतात. त्याहून खाली कापल्यास बुंध्यातील कळ्या व अन्नसाठा यांना इजा होते आणि जमीन उघडी पडून मुरमाची धूप होते. इळ्याने केलेली कापणी स्वभावतःच उंचसखल होते व कापणारा झुबका हातात धरून कापीत असल्याने मधल्या लहान वनस्पती बचावतात. बेसाल्टाच्या धोंड्यांनी भरलेल्या उतारांवर यंत्रे चालविणे कठीण असते; जेथे ती चालतात तेथे सर्व काही एका पातळीत छाटले जाते. कापलेले गवत रानातच पसरून ठेवल्यास कापणीचा निम्मा हेतू फुकट जातो.

चराई, बंदी व वणवा : अनिर्बंध चराईने कुरणाची अवनती होते हे सर्वमान्य आहे. गुरे पवन्या व मारवेल वेचून खातात, ती हटल्यावर कुसळी माजते आणि तीही टिकेनाशी झाली की तरोटा व निकृष्ट वर्षायू गवते उरतात. रान बंद केल्यास हा क्रम काही वर्षांत उलट दिशेने फिरू लागतो. यावरून, बंदी कायम ठेवल्यास कुरण सतत सुधारत जाईल, असे अनुमान काढले जाते. ते खरे नाही. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद केल्यावर पाणथळ जागी पॅस्पॅलम गवत इतके माजले की पाणपक्ष्यांना अडथळा झाला व पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी लागली. तेथील परिस्थिती वऱ्हाडाहून भिन्न असली, तरी दीर्घकाळ गुरे व इळा यांच्या सहवासात घडलेल्या रानातून दोन्ही एकदम काढून घेतल्यास काय होते, याचे ते बोलके उदाहरण आहे.

न कापलेल्या वाळक्या गवताला फेब्रुवारीनंतर वणव्याचा धोका असतो. वणव्यानेही पाचट नाहीसे होते, म्हणून तो कापणीचा पर्याय मानणारे आहेत. परंतु वारंवारच्या वणव्याने कुसळीचेच फावते. कारण कुसळांच्या साहाय्याने जमिनीत शिरलेले तिचे बी आगीतून वाचते आणि उघड्यावर पडलेले इतरांचे बी जळते. उन्हाळ्यातील उशिराच्या वणव्यात झुबक्यांचे बुंधे व झाडांची रोपे जळतात ती वेगळीच. वन खाते जाळरेषा काढते, त्यांच्या लगतचे पट्टे अगोदर कापून घेतल्यास आग आटोक्यात ठेवणे सुलभ होते.

तण : तरोटा, रानतुळस, गाजरगवत व घाणेरी (रायमुनिया) यांचा बंदोबस्त केवळ कापणीने होत नाही. पहिली तीन फुलोऱ्यापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरात, मुळासकट उपटावी लागतात आणि घाणेरी खणून काढावी लागते. वरून छाटलेली घाणेरी अधिक दाट फुटते.

सद्यःस्थिती : कापणीस आज सर्वांत मोठी बाधा आहे ती गवताला गिऱ्हाईक नसण्याची. बैलांची जागा ट्रॅक्टरांनी घेतली, गुरे घटली. गेल्या काही दशकांत सोयाबीनचे क्षेत्र वाढून त्याचे कुटार उपलब्ध झाले, परंतु ज्वारी मागे पडल्याने कडबाही कमी झाला. गवत कापण्याची मजुरी परवडत नाही, म्हणून रान उभेच राहते व उन्हाळ्यात पेटते. दुसरीकडे, शासकीय नोंदींत अशा जमिनींची गणना ‘पडीक’ म्हणून होते. पडीक म्हणजे रिकामी व रिकामी म्हणजे झाडे लावण्यास मोकळी, या तर्काने अनेक कुरणांत खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ इ. झाडांची लागवड करण्यात आली. सावलीत पवन्या टिकत नाही. ई वर्ग जमिनींवरील अतिक्रमणांचा प्रश्नही जुनाच आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट निर्देश दिले, तरी त्यांची अंमलबजावणी संथ आहे.

ही राने म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष होत, हे मत वनशास्त्रात दीर्घकाळ रूढ होते व झाडे लावण्याच्या आग्रहामागेही तेच आहे. अलीकडील संशोधनाने या मतास बाध आणला आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील विरळ झाडांची गवताळ राने किमान साडेसातशे वर्षांपासून अस्तित्वात आहेत, असे त्यांवरून दिसून येते. वऱ्हाडातील जुन्या वाङ्मयाची, विशेषतः महानुभावीय ग्रंथांची, अशी तपासणी फलदायी ठरण्यासारखी आहे.

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील कुंड, बोरी, कोहा इ. गावांचे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या जुन्या शेतांच्या जागी कुरणे तयार झाली. तेथे प्रारंभीची काही वर्षे तरोट्यासारखी तणे काढून चांगल्या गवतांना वाव देण्याचे काम करावे लागते; पुढे गवे, सांबर व चितळ हेच कापणीचे काम करतात. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ हे २००० मध्ये घोषित झालेले, १८.३२ चौ. किमी. क्षेत्राचे काळवीट अभयारण्य मुख्यत्वे गवताळ आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर घाणेरीने व्यापलेले उजाड रान स्वतःच्या श्रमाने सुधारले.

अकोला जिल्ह्यातील वडाळा येथील फासेपारध्यांचे उदाहरण या सर्वांहून वेगळे आहे. हा समाज परंपरेने शिकारीवर जगणारा असल्याने तित्तिर, लावा, तणमोर यांच्या सवयी व कोणत्या गवतात कोणता पक्षी उतरतो याची माहिती त्याच्याकडे पिढीजात आहे. ‘संवेदना’ या संस्थेच्या सहकार्याने या लोकांनी आपल्या वस्तीलगतचे रान राखावयास घेतले. पूर्वी ज्या गवतात ते फासे मांडीत, त्याच गवतात गुरे केव्हा सोडावयाची व ते केव्हा कापावयाचे हे आता त्यांची वस्ती ठरविते.